बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: एका बारीक गळतीचं प्रकरण

अण्णांची तक्रार ऐकून गळतीची शंका कोणालाच आली नसती. गाडीखाली थेंब नाही, कूलंटच्या बाटलीतली पातळी 'फुल'च्या खुणेवर, रोजचं गावातलं फिरणं बिनबोभाट. पण पुण्याहून वाईला येताना खंबाटकी घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा चढायला लागायचा. एसी बंद केला की थोडा थांबायचा, घाटमाथा ओलांडून उतार लागला की मुकाट जागेवर यायचा. एप्रिलचं ऊन, गाडीत चार माणसं, त्यामुळे घरच्यांनी दोष उन्हाला दिला होता.

गाडी दहा-बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची, दोन्ही बाजूंच्या टाक्या काळ्या नायलॉनच्या, झाकण रेडिएटरच्याच तोंडावर आणि बाजूला बिनदाबाची साधी बाटली. ही रचना लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ज्या गाड्यांत बाटलीवरच दाबाचं झाकण असतं, तिथे हेच दुखणं वेगळ्या रीतीने दिसतं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. गाडी आली होती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर. त्याने मला बोलावलं ते गाडीसाठी कमी आणि गाडीवर आधी झालेले उपचार दाखवायला जास्त. "सर, हिला तीन डॉक्टर होऊन गेलेत," तो म्हणाला.

पहिल्याने झाकण बदललं होतं. मूळ झाकण 0.9 बार (दाबाचं माप) सोसणारं, नवं 1.1 बारचं, "जरा दणकट बसवलंय" अशा शब्दांसह. दुसऱ्याने महामार्गावरच्या टपरीवजा गॅरेजात रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. तिसऱ्याला मात्र डाव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यावर पांढुरका-हिरवट थर दिसला होता. तिथे त्याने रेडिएटर न उतरवताच इपॉक्सी पुट्टीचा गोळा दाबून बसवला होता. तिघांचं निदान एका अर्थी बरोबर होतं: पाणी कुठून तरी जात होतं. पण गेलेल्या पाण्याच्या जागी काय येतंय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मला गाडीपेक्षा अण्णांच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज येतो, ही एक. दुसरी त्यांनी जाता जाता सांगितली. घाटात काटा चढल्यावर कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी हीटर पूर्ण गरमवर फिरवला, तर वारा गार आला. "आता इंजिन एवढं तापलंय आणि हीटर गार, हे कसं काय?" त्यांना तो हीटरचा वेगळा बिघाड वाटला होता.

तो वेगळा बिघाड नव्हता. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला लहानसा रेडिएटरच. त्यातून इंजिनचं तापलेलं पाणी फिरलं तरच गरम वारा येतो. इंजिन तापलेलं असताना तिथून गार वारा आला, तर बहुतेक वेळा तिथवर पाणी पोचलेलं नसतं, हवा अडकलेली असते. गुडगुड त्याच हवेची.

म्हणून इंजिन पूर्ण गार असताना आम्ही आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम इंजिनावर हे कधीच करू नये. दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं, आणि भाजलेले हात-तोंड मी पाहिलेत.) तोंडाशी पाणी दिसायला हवं होतं. दिसल्या त्या कोरड्या नळ्या. साधारण चार लिटरच्या यंत्रणेने वरून लिटरभराहून जास्त पाणी घेतलं. शेजारच्या बाटलीत मात्र पातळी 'फुल'ला होती आणि अण्णा रोज सकाळी तीच बघून निघत होते.

हे असं का होतं, ते समजायला झाकणाचं काम बघावं लागतं. या झाकणात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली झडप कुकरच्या शिट्टीसारखी ठरलेल्या दाबापर्यंत वाट अडवते आणि त्यापुढे जास्तीचं पाणी बाटलीत सोडते. दाबामुळे उत्कलनबिंदू वर जातो. समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळणारं साधं पाणी 0.9 बारच्या झाकणाखाली 119 अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट त्याच्याही पुढे जातं. दुसरी झडप इवलीशी आणि उलट्या दिशेची असते. इंजिन गार होताना पाणी आकसतं, आत ओढ तयार होते, ती झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. म्हणजे बाटलीची पातळी रेडिएटरची खबर देते ती ही ये-जा चालू असेल तोवरच.

आता रेडिएटरच्या वरच्या भागात बारीक फट आहे असं समजा. गरम होताना दाब झाकणाच्या मर्यादेला पोचण्याआधीच फटीतून थोडं पाणी निसटतं. ते तापलेल्या जाळीवर पडून वाळून जातं, जमिनीवर थेंब येतच नाही, मागे राहतो तो क्षारांचा आणि रंगाचा पापुद्रा. पण खरं नुकसान रात्री होतं. गाडी गार होताना आतल्या ओढीला बाटलीपर्यंतचा लांबचा रस्ता धरायची गरज उरत नाही. जवळची फट आहेच. तिच्यातून हवा आत येते. सकाळी बाटली जशीच्या तशी आणि रेडिएटर थोडा अजून रिकामा. बारीक गळतीत बाहेर गेलेल्या चमचाभर पाण्यापेक्षा आत आलेली हवा इंजिनाला जास्त महागात पडते, आणि ही गोष्ट गॅरेजवाल्यांच्या डोक्यात का बसत नाही याचं मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या माथ्यावरच्या भागात, हवेचा किंवा वाफेचा खिसा झाला की तिथला धातू पाण्याला उष्णता देऊच शकत नाही. वॉटर पंपाच्या पंख्यात हवा आली की तो नुसता घुसळत राहतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, त्याच्याभोवती पाणी नसेल तर तो वेळेवर उघडत नाही. तापमानाचा सेन्सर कोरडा पडला तर काटाही खोटं बोलतो. सपाटीवर, कमी भारावर हे सगळं निभावून जातं. घाटात दुसऱ्या गिअरवर, एसीसकट, निभावत नाही.

या हिशेबात पहिल्या डॉक्टरचं 'दणकट' झाकण दुखणं वाढवणारं होतं. 1.1 बारपर्यंत वाट अडल्यामुळे बाटलीकडे जायचं पाणी आणखी कमी झालं आणि फटीवरचा जोर वाढला. झाकणावरचा आकडा ही ताकदीची पदवी नव्हे. कंपनीने जो दिला तोच बसवायचा, कमी नाही आणि जास्तही नाही.

निदानाचं काम मात्र अजून बाकी होतं. पाणी कमी झालंय हे कळलं, कुठून ते नाही. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं तरी आत हवा येते, ती सिलेंडरमधल्या वायूंची असते आणि तो आजार निराळा, खर्चही निराळा. म्हणून आधी रेडिएटरच्या तोंडावर रासायनिक चाचणी केली. निळं द्रावण जळक्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने पिवळं पडतं. इथे ते निळंच राहिलं. होजपाइपच्या क्लिपा कोरड्या, वॉटर पंपाच्या खालच्या भोकाशी डाग नाही, पुढच्या सीटसमोरचा गालिचा कोरडा, म्हणजे हीटरची जाळीही शाबूत. पंखा वेळेवर लागत होता.

मग प्रेशर टेस्टर. हातपंप आणि घड्याळ एवढंच हे साधन, झाकणाच्या जागी बसतं. मोटारीचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असायला हवं, आणि बहुतेकांकडे नसतं. रेडिएटर तोंडापर्यंत भरून, गार इंजिनावर 0.9 बारपर्यंत दाब दिला. काटा एकदम पडला नाही, पण पाचेक मिनिटांत 0.7 च्या खाली सरकला. पाणी कुठे दिसेना. पुढून एसीची जाळी (कंडेन्सर), मागून पंख्याची चौकट, मध्ये रेडिएटर. शेवटी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा घेऊन विद्यार्थ्याने डाव्या टाकीची इंजिनकडची बाजू तपासली. नायलॉनची टाकी आणि अॅल्युमिनियमचा पत्रा जिथे जोडले जातात त्या उभ्या शिवणीवर, वरून वीतभर अंतरावर, ओल्या केसाएवढी रेघ होती. पाणी तिथून निघून शिवणीच्या खाचेतून खाली घरंगळत होतं आणि तळाच्या कोपऱ्यात, जिथे तिसऱ्या डॉक्टरने पुट्टी लावली होती, तिथे वाळत होतं. पुट्टी पाण्याच्या मुक्कामावर लागली होती, उगमावर नाही.

त्यानंतर इंजिन चालवून, पंखा लागेपर्यंत तापवून तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी गळती जवळपास थांबली.

"गरम असताना गळत नाही आणि गार असताना गळतं? उलटं नाही का हे, सर?"

उलटं वाटतं, पण प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर असेच वागतात. टाकी आणि पत्रा यांना धरून ठेवणारा डिंक किंवा झाळ इथे नसतेच. पत्र्याच्या कडेचे बारीक कान टाकीच्या ओठावर वाकवून दाबलेले असतात आणि मध्ये रबराचं पॅकिंग दबलेलं असतं. सगळी सीलबंदी त्या रबराच्या फुगण्यावर. 35 सेंटिमीटर लांबीचं अॅल्युमिनियम 80 अंशांनी तापलं की अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं. काच-तंतू मिसळलेलं नायलॉन वेगळ्या मापाने वाढतं. दोघांमधली ही रोजची सरकासरकी वर्षानुवर्षं पोटात घेता घेता रबर कडक आणि चपटं होतं. गरमीत ते अजून थोडं फुगून जागा भरतं, गारव्यात आकसतं आणि फट मोकळी होते. गाडी उभी केल्यावर, दाब अजून शिल्लक असताना शिवण गार होऊ लागते, नेमकं तेव्हा पाणी पाझरतं. पुढे ओढ सुरू झाली की त्याच वाटेने हवा आत येते. गाडी गरम ठेवून गळती शोधणाऱ्याला काही न दिसणं यात नवल नाही.

उगम सापडल्यावर उपाय ठरवणं सोपं असतं असं नाही, पण निम्मे उपाय आपोआप बाद होतात.

हळदीचं आधी. या उपायाला हसणारे खूप आहेत, मी हसत नाही. ट्रकवाले आणि टॅक्सीवाले तो उगीच करत नव्हते. हळदीत भरपूर स्टार्च असतो, गरम पाण्यात तो फुगतो आणि तंतूंसकट बारीक छिद्राशी जाऊन अडकतो. जुन्या, जाड नळ्यांच्या तांब्या-पितळी रेडिएटरमध्ये, आडरानात, पुढच्या गावापर्यंत पोचायला हा उपाय चालून जायचा. आजच्या अॅल्युमिनियमच्या जाळीतल्या नळ्या आतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद. तिथे हळद छिद्राआधी नळीत बसते, आणि हीटरची जाळी त्याहून नाजूक. बाजारात डबीत मिळणाऱ्या गळती-बंद पावडरींचं तत्त्व फारसं वेगळं नाही. शिवाय श्वास घेतल्यासारखी उघड-मीट करणारी शिवण अशा गाळाने बुजत नाही, कारण ती रात्री पुन्हा हलते.

पुट्टीची अडचण पदार्थात कमी आणि जागेत जास्त. इपॉक्सी कोरड्या, खरवडलेल्या, तेलविरहित पृष्ठभागाला धरतं. ओल्या, चिखल बसलेल्या शिवणीला ते चिकटल्यासारखं दिसतं एवढंच. साधं घरगुती इपॉक्सी 60 ते 80 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं आणि कूलंट रोजच 90 च्या घरात असतं. शिवाय दोन्ही बाजू हलणाऱ्या सांध्यावर कडक लेप म्हणजे तडा ठरलेला. टाकीच्या सपाट भागावर दगड लागून गेलेली बारीक चीर असती, रेडिएटर उतरवून, सुकवून, उष्णता सोसणारं इपॉक्सी लावलं असतं, तर मी काही दिवसांसाठी मान्य केलं असतं.

आणि झाळ? वाईत अजून एक-दोन जुने रेडिएटरवाले आहेत, अण्णांना त्यांच्याकडे जायचं होतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर असता तर मीच घेऊन गेलो असतो. कथिल-शिशाची झाळ 183 अंशांपासून वितळू लागते, पितळाला त्याची झळही लागत नाही. अॅल्युमिनियमची जाळी मात्र कारखान्यात नायट्रोजन भरलेल्या भट्टीत 600 अंशांच्या आसपास जोडलेली असते, आणि खुद्द धातू साडेसहाशेच्या अलीकडेच ढासळू लागतो. हातातल्या गॅसच्या ज्योतीवर तो फरक सांभाळणं फार थोड्यांना जमतं. शिवाय इथे छिद्र धातूत नव्हतंच. शिवणीशेजारी ज्योत नेली असती तर नायलॉनची टाकीच वितळली असती.

उरले दोन मार्ग: नवा रेडिएटर किंवा शिवण उघडून नवं पॅकिंग. नवा रेडिएटर हा धोपट मार्ग, आणि टाकीच्या ओठाला चीर असती, नायलॉन पांढुरकं ठिसूळ झालं असतं किंवा जाळीचे पंख हाताने भुगा होण्याइतके गंजले असते, तर मी दुसरा विचारच केला नसता. इथे जाळी चांगली होती, टाकी शाबूत होती. दुखणं फक्त रबराचं. पुण्याच्या नाना पेठेत त्याच मापाचं पॅकिंग मिळालं, रेडिएटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात.

कूलंट बादलीत काढलं. गटारात सोडलं नाही आणि बादली उघडी ठेवली नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गॅरेजभोवतीची कुत्री ते चाटून मरतात. बादलीतलं पाणी गढूळ पिवळं होतं, तळाशी हळदीचा गाळ. पंख्याची चौकट आणि होज सोडवले, कंडेन्सर एसीच्या पाइपांसकट जागेवरच बांधून ठेवला, म्हणजे गॅस सोडायची वेळ आली नाही. रेडिएटर बाहेर आल्यावर नळ्या दोन्ही बाजूंनी साध्या पाण्याच्या कमी दाबाच्या धारेने धुतल्या. मधल्या काही नळ्यांतून बराच वेळ पिवळं पाणी येत राहिलं.

शिवण उघडणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. प्रत्येक कान बोथट पटाशीने थोडासाच उचलायचा, टाकी निसटेल इतपत. पूर्ण सरळ करायचा नाही. अॅल्युमिनियम वाकवलं की कडक होतं आणि तोच कान दोन-तीनदा वाकवला की मोडतो. या कामाची घाई असलेल्या माणसाने सरळ नवा रेडिएटर घ्यावा. जुनं रबर निघालं ते खाचेच्या आकारात गोठल्यासारखं, नखाने दाबलं तरी न दबणारं. खाच लाकडी काडीने आणि कापडाने साफ केली, लोखंडी ब्रश लावला नाही, कारण तिथला एक ओरखडा म्हणजे नवी गळती. टाकीचा ओठ काचेवर पालथा ठेवून सपाट आहे का ते पाहिलं. नवं पॅकिंग पीळ न पडू देता बसवलं, सीलंट लावलं नाही. विद्यार्थ्याला लावायचं होतं, "वरून जरा हात फिरवू का?" असं त्याने विचारलंही. रबर स्वतः दबून सील करतं, सीलंटच्या थराने ते सरकायला मोकळं होतं. टाकी दोन सी-क्लॅम्पांनी सारखी दाबून धरली, आणि मधून कडेकडे, समोरासमोरचे कान आलटून-पालटून बसवले.

होजच्या तोंडांना बुचं मारून हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. सुरुवातीला आलेले बुडबुडे पंखांत अडकलेल्या हवेचे होते. ते थांबल्यावर डाव्या शिवणीतून काही आलं नाही. उजवीकडूनही नाही.

भरताना गाडी पुढून उंच राहील अशी चढावर लावली, म्हणजे हवा झाकणाच्या तोंडाकडे येते. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, कूलंट सावकाश. आमच्या भागात बोअरचं पाणी जड असतं, काळ्या खडकातून येणारे क्षार जाळीत पुटं धरतात. म्हणून घट्ट कूलंटमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी निम्म्याने मिसळलं. रंगावरून कूलंट निवडू नये, हिरव्याचा किंवा गुलाबीचा असा कुठला सार्वत्रिक कायदा नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार बघावा, आणि जुन्यात वेगळ्या जातीचं ओतू नये. इंजिन मंद चालत ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी गपकन खाली गेली, ती भरली. हीटरमधून गरम वारा यायला लागला आणि गुडगुड थांबली. पंखा एकदा लागून बंद झाल्यावर 0.9 चं नवं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला होता आणि बाटलीतली पातळी रात्रीपेक्षा बोटभर खाली. ही खाली गेलेली पातळी बघून अण्णा घाबरले. खरं तर गाडी बरी झाल्याची ती पहिली खूण होती, बाटली पुन्हा कामाला लागली होती. त्यानंतर अण्णांनी मे महिन्यात भर दुपारी, एसी चालू ठेवून घाट चढवला, काटा मध्यावरून हलला नाही.

एका बाबतीत माझं आणि विद्यार्थ्याचं जमलं नाही. उजव्या शिवणीतलं रबर त्याच वयाचं, तेही उघडून बदलावं असं त्याचं मत, कारण रेडिएटर उतरवलेलाच होता. माझं मत असं की हौदाच्या चाचणीत न गळणारी शिवण उघडून तिचे कान कमजोर करू नयेत. ते रबर अजून किती टिकेल, हे कोणी सांगू शकत नाही. शेवटी अण्णांनी माझं ऐकलं, पण विद्यार्थ्याने बिलाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: दर रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बाटली न बघता रेडिएटरचं झाकण उघडून तोंडाशी पाणी आहे का ते बघणे. कमी दिसलं तर पाणी ओतून पुढे न जाता गाडी गॅरेजला आणणे. त्या वेळी मात्र पॅकिंग नाही, नवा रेडिएटर.